कोंबडीला जातीचा दाखला

साक्री तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जिथून पुढे नवापूरकडचा डोंगराळ भाग सुरू होतो, तिथल्या एका गावातलं हे प्रकरण. मी जनावरांचा डॉक्टर. या घरच्या गोठ्यावर आणि खुराड्यावर माझं बरीच वर्षं येणं-जाणं आहे. माणसांची आणि गावाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. घरात त्यांना आबा म्हणतात, त्यांच्या सुनेला मी वहिनी म्हणतो. इथंही तेच चालेल.

सुरुवात आठवडे बाजारात झाली. आबा डालग्यात दोन कोंबडे घेऊन बसले होते. अंगाने भरदार, रंग राखाडी, उभा एकेरी तुरा आणि मान पिसांवाचून उघडी, लालभडक. एक व्यापारी थांबला, कोंबडा हातात तोलून बघितला, खूश झाला आणि विचारलं, "कोणती जात?" आबा म्हणाले, "घरनी." व्यापाऱ्याने गावठीचा भाव सांगितला. चार हातांवर एकजण काळ्या तलंगा (वयात आलेल्या कोवळ्या कोंबड्या) 'कडकनाथ' म्हणून विकत होता, त्याला जवळपास दुप्पट भाव मिळाला.

त्या तलंगा मी पाहिल्या होत्या. अस्सल नव्हत्या. कडकनाथचा काळेपणा फक्त पिसांत नसतो, तो कातडीत, मांसात, हाडांवरच्या आवरणातही उतरलेला असतो, आणि हा गुण प्रबळ आहे. म्हणजे बाप किंवा आई यांपैकी एकाकडून आला तरी पिलात दिसतो. कडकनाथ कोंबडा साध्या गावठी कोंबडीला लावला तरी पहिल्या पिढीतल्या तलंगा बऱ्यापैकी काळ्या निघतात आणि गिऱ्हाईक फसतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर तर काळं दिसेल ते कडकनाथ झालं.

आबांना हे मी सांगितलं. त्यांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. "म्हंजे नाव लागनं का भाव लागस. मंग मनी कोंबडीले बी जात लावी द्या. जात कोन ठरावस, डॉक्टर? तुम्ही का सरकार?"

हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. आपल्याकडे माणसाला जातीचा दाखला काढायचा तर आजा-पणज्याच्या नोंदी काढाव्या लागतात. कोंबडीचंही फार वेगळं नाही. समोरचा पक्षी कसा दिसतो याने काम भागत नाही; त्याच्या मागे कोण होतं आणि त्याच्या पुढे कोण निघेल, हे दाखवावं लागतं. आबांकडे मागचं काहीच लिहिलेलं नव्हतं. पुढचं बघायचं आम्ही ठरवलं.

खुराड्यात काय होतं

आबांच्या आठवणीवरून जुळवलेली वंशावळ अशी. मूळ कोंबड्या घरच्या गावठी. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातली पहिली साथ तीच. त्या वेळी साथीच्या टापूतल्या पोल्ट्रींबरोबर घरोघरची खुराडीही रिकामी केली गेली. आबांचं गाव टापूच्या बाहेर राहिलं. पुढे त्या भागातल्या नातेवाइकांची खुराडी पुन्हा भरायची वेळ आली तेव्हा गावठी बी इथूनही गेलं आणि बदल्यात कुठून कुठून आलेले पक्षी इकडे आले. नंतर सरकारी योजनेतून एका पुतण्याला 25 माद्या आणि 3 नरांचा तलंगांचा गट मिळाला. त्यातले ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या अमेरिकन जातीच्या अंगाचे दोन नर आबांच्या दारात राहिले. उघड्या मानेचा कोंबडा सुरतेला कामाला असलेल्या जावयाने आणला. राखाडी रंग मात्र आबांच्या जुन्या गावठीतलाच, त्यांच्या आईच्या काळापासूनचा, असं ते शपथेवर सांगतात.

थोडक्यात, हा चौपदरी संकर. आणि पहिली पिढी झकास निघाली होती. वजन लवकर धरायची, उन्हात धापा कमी टाकायची. आबा ज्या पक्ष्यांच्या जोरावर जात मागत होते, ते याच पिढीतले होते.

इथेच पहिली अडचण होती आणि ती समजावायला मला एकही शास्त्रीय शब्द लागला नाही. आबांनी उभा जन्म कपाशी केली आहे. संकरित कपाशीची सरकी घरी ठेवून दुसऱ्या वर्षी पेरली तर काय होतं, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक झाड कमरेला, एक छातीला, बोंडाचा मेळ नाही. केळीचं तसं नाही. कंद लावला की तीच केळ, कारण तिथं आई-बापाचं मिसळणं होतच नाही. कोंबडी कपाशीच्या बाजूची की केळीच्या, एवढंच मी विचारलं. आबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे हाई बी दुसरा सालले फाटस!"

फाटतेच. शिवाय पहिल्या पिढीत संकरामुळे जो जोम येतो, त्यातला बराच भाग पुढच्या पिढीत, आपसांतल्या जुळणीत ओसरतो. बाजारातले 'सुधारित देशी' पक्षी म्हणूनच दरवेळी नवीन पिल्लं आणून पाळायचे असतात. ते ठरवून केलेले संकर असतात आणि त्यांची घरची पिल्लं त्यांच्यासारखी निघतील असं कुणी वचन दिलेलं नसतं.

पहिलं वर्ष: राखाडीचा हट्ट

वहिनी बारावी शिकलेल्या. नोंदवही त्यांनी धरली आणि खरं सांगायचं तर हे प्रकरण त्यांच्या वहीमुळेच उभं आहे. पिल्लू निघाल्या दिवशी पायाच्या बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडायचं. कोणत्या पायाला, कोणत्या पडद्याला यावरून कोणत्या आईचं ते कळतं. दोन दिवसांत हात बसला. नर बदलला की किमान 3 आठवडे त्या कोंबडीची अंडी बसवायची नाहीत, हा नियमही त्यांनी पाळला. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, हे बहुतेक पाळणाऱ्यांना माहीत नसतं आणि निम्म्या वंशावळी तिथेच खोट्या ठरतात.

आबांचा हट्ट होता राखाडी रंगाचा. राखाडी कोंबडा, राखाडी कोंबड्या, बाकी काही नको. तीन खुडूक कोंबड्यांखाली अंडी बसवली, 31 पिल्लं निघाली. त्यात 15 राखाडी, 9 काळी, आणि 7 मळकट पांढऱ्या अंगावर निळसर-काळे शिंतोडे असलेली. आबांनी पहिला संशय माझ्यावर घेतला, दुसरा शेजाऱ्याच्या काळ्या कोंबड्यावर.

दोघेही निर्दोष होतो. हा राखाडी रंग म्हणजे एकेरी मात्रेचा रंग आहे. काळ्या पक्ष्याला रंग फिका करणारा घटक एका बाजूने मिळाला की तो राखाडी होतो, दोन्ही बाजूंनी मिळाला की शिंतोड्यांचा, आणि अजिबात मिळाला नाही तर काळा राहतो. राखाडीला राखाडी लावला की चारात एक काळा, दोन राखाडी, एक शिंतोड्यांचा, हा हिशोब कितीही पिढ्या निवड केली तरी सुटत नाही. शंभर वर्षं फक्त राखाडीच पाळले तरी निम्मीच पिल्लं राखाडी येणार. गंमत अशी की काळ्याला शिंतोड्यांचा लावला तर सगळीच्या सगळी पिल्लं राखाडी! म्हणजे राखाडी हवे असतील तर राखाडी पाळूच नयेत. आबांना हे ऐकून जो राग आला, तो मी विसरलेलो नाही.

मग असा रंग असलेली जात होऊच शकत नाही का? होते. अँडालुशियन नावाची निळसर कोंबडी अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या 1874 च्या पहिल्या मानकात आहे आणि तिचा रंग नेमका हाच आहे. तिथल्या हौशी लोकांनी मान्य केलं की निळसर हा दाखवायचा रंग, काळी आणि शिंतोड्यांची भावंडं पैदाशीला. नियम माणसांनी केलेला, म्हणून माणसांना वाकवता येतो. पण बाजारात 50 पिल्लं विकणाऱ्या आबांना निम्मी पिल्लं 'दुसऱ्याच रंगाची' निघणं परवडणारं नव्हतं. वहिनींनी शांतपणे सुचवलं, रंग सोडा, मान धरा. आबा तीन महिने बोलले नाहीत. (आमच्याशी. कोंबड्यांशी बोलायचे.)

दुसरं आणि तिसरं वर्ष: मान

मान धरणं शहाणपणाचं होतं, आणि त्याला दोन कारणं. एक म्हणजे ऊन. धुळे-जळगावचा मे महिना सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही. ती उष्णता बाहेर टाकते ते धापा टाकून आणि उघड्या कातडीतून. उघड्या मानेचा गुण फक्त मानेपुरता नसतो, तो अंगावरची एकूण पिसंही कमी करतो. भर उन्हात हे पक्षी चारा सोडत नाहीत, हे आबांनी शास्त्राआधीच पाहिलं होतं.

दुसरं कारण पैदाशीचं. हा गुणही एकेरी-दुहेरी मात्रेचा आहे, पण इथं नशीब आपल्या बाजूने आहे, कारण दुहेरी मात्रेचा पक्षी डोळ्यांनी ओळखता येतो. एकेरी असेल तर मान उघडी असूनही पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहतो, गळ्यात पदक घातल्यासारखा. दुहेरी असेल तर झुबका जवळपास नाहीच. तेव्हा काम सोपं झालं: झुबका नसलेले ठेवायचे, बाकीचे विकायचे. दुसऱ्या वर्षी झुबकेवाल्या आई-बापांपासून 40 पिल्लं झाली. 11 भरल्या मानेची, 19 झुबक्याची, 10 साफ. आकडा लहान आहे, पण एकास दोनास एकच्या हिशोबाजवळचा आहे. त्या 10 साफ मानेच्या पिलांतली 7 मोठी झाली. तिसऱ्या वर्षी त्यांच्या आपसांतल्या जुळणीतून एकही भरल्या मानेचं पिल्लू निघालं नाही. आबा पहिल्यांदा हसले.

तुऱ्याचं काम तर फुकटात झालं. एकेरी तुरा हा दबून राहणारा गुण. तो दिसतो तेव्हा आत दुसरं काही लपलेलं नसतं, म्हणून एकेरी तुऱ्याचे आई-बाप निवडले की विषय संपला. उलट गुलाब तुरा धरला असता तर पिढ्यान्‌पिढ्या मधूनच एकेरी तुऱ्याचं पिल्लू डोकं वर काढत राहिलं असतं. नवीन जात बांधू पाहणाऱ्याने दबणारा गुण धरावा. कोंबडीत तरी हे खरं आहे.

एका गुणावर मात्र वहिनी अडून बसल्या: कोंबडी खुडूक बसलीच पाहिजे. अंडी थोडी कमी आली तरी चालतील. योजनेतल्या बऱ्याच पक्ष्यांत खुडूक बसणं निवडीने काढून टाकलेलं असतं, म्हणजे पिल्लं विकत आणणं आलं. ज्या घरात उबवणी यंत्र नाही तिथं हा गुण गेला की पुढची पिढीच गेली. माझ्या मते पूर्ण प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो घेताना मला कुणी विचारलं नाही.

एक कोंबडा, वीस कोंबड्या

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी घाईघाईने मोजदाद केली तेव्हा पोटात गोळा आला. साफ मानेच्या सगळ्या पिलांचा बाप एकच होता. वीस कोंबड्या होत्या, पण पैदाशीच्या हिशोबात त्या वीस नसतात. नर गुणिले मादी गुणिले 4, भागिले दोघांची बेरीज, असा तो हिशोब. एक कोंबडा आणि 20 कोंबड्या म्हणजे 80 भागिले 21, जेमतेम 4 पक्ष्यांचा कळप. दर पिढीला रक्तसंबंध सुमारे 13 टक्क्यांनी वाढतो. सारखेपणा भराभर येतो, त्याला आपण जात म्हणून कौतुक करतो, आणि दोन-चार पिढ्यांत अंडी फुटेनाशी होतात, पिल्लं मरतुकडी निघतात. योजनेतला 25 माद्या आणि 3 नरांचा गट हा सुद्धा या मोजणीत 11 च्या आतच येतो.

उपाय एकच, आणखी घरं. गावात आणि शेजारच्या दोन पाड्यांवर मिळून चार घरं तयार झाली, आबांचं पाचवं. घरटी 3 कोंबडे आणि 20 कोंबड्या धरल्या तर 15 नर आणि 100 माद्या, हिशोब 52 वर जातो आणि रक्तसंबंधाची वाढ टक्क्याच्या आत राहते. कोंबड्या आपापल्या घरी, कोंबडे मात्र दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुढच्या घरी, असा क्रम ठरला. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि कोंबडे सासरी जातात, हा विनोद एकदा झाला आणि मग नियमच झाला.

पण पाच घरं म्हटली की पाच मतं. पारावर दोन संध्याकाळ भांडण झालं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा जसा भोवरे बघतो, तशी प्रत्येकाची नजर वेगळ्या जागी. एकाला पायाची नळी पिवळी हवी, एकाला काळी. एकाला असीलसारखी ताठ चाल हवी होती. शेवटी वहिनींच्या वहीत पाच ओळी उतरल्या: मान साफ, तुरा एकेरी उभा, नळी पिवळी, खुडूक बसणारी, रंग कुठलाही. शेवटच्या ओळीवर आबांनी अंगठ्याऐवजी सही केली, ती सुद्धा उभ्यानेच.

या पाच ओळी म्हणजे जातीचं मानक. कुठल्याही जातीचा इतिहास उघडा, मध्ये कुठेतरी असा एक पार सापडतो. आपल्या गावोगावी योजनेतून आलेली ऱ्होड आयलंड रेड हे त्याचं उत्तम उदाहरण. 1854 मध्ये विल्यम ट्रिप नावाच्या माणसाने एका खलाशाकडून तांबडा मलाय कोंबडा घेतला, तो गावच्या कोंबड्यांना लावला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यात शांघाय, लेगहॉर्न वगैरे मिसळलं. 1904 मध्ये ती मानकात आली. म्हणजे मध्ये 50 वर्षं ती आबांच्या कोंबडीसारखीच 'घरनी' होती. अमेरिकेतली आजची पद्धतही साधारण हेच मागते: किमान 5 पाळणारे, किमान 5 वर्षं, आणि निम्मी तरी पिल्लं आई-बापांच्या वळणाची निघतात याची लेखी हमी, मग प्रदर्शनात पक्षी मांडून परीक्षा.

कर्नालची वाट, आणि दारातली बुसरा

आपल्याकडे प्रदर्शनातून नाही, कर्नालमधून जात ठरते. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो तिथे आहे. जातींची नोंदणी तो करतो आणि 2019 पासून नोंदलेल्या जाती राजपत्रातही येऊ लागल्या आहेत. अर्ज कोणीही करू शकतो, पण राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचं मत लागतं. अर्जात विचारतात ते असं: हा पक्षी कोणत्या टापूत आहे, किती आहेत, कोण पाळतं, इतर जातींपासून वेगळा कशाने, आणि वेगळेपण पिढीतून पिढीत उतरतं का. तिथं मुख्यतः लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या स्थानिक जाती नोंदल्या जातात. आबांची पाच घरं या तराजूत फारच हलकी होती. शिवाय उघडी मान हा काही नवा शोध नाही; नेकेड नेक नावाची जात जगात आधीच आहे, अमेरिकन मानकात 1965 पासून. 'वेगळेपण कशात' या रकान्यात आम्ही बराच वेळ पेन धरून बसलो.

नोंदलेल्या कोंबड्यांची यादी वाचताना वहिनी एका नावावर थांबल्या. बुसरा. टापू: महाराष्ट्रात नंदुरबार, धुळे, आणि लगतचा गुजरात. म्हणजे हाच. वर्णन वाचलं: मध्यम अंगाची, एकेरी तुरा, बहुतेक पांढऱ्या अंगावर मानेला, पाठीला आणि शेपटीला काळी पिसं, खांद्या-पंखांवर तांबूस छटा, रंगात पुष्कळ फरक, वर्षाला 40 ते 55 अंडी. वहिनी म्हणाल्या, "ही तर मामींच्या पाड्यावरची गावठी."

दुसऱ्या रविवारी आम्ही त्या पाड्यावर गेलो. सात घरांत मिळून 60-70 पक्षी, त्यांतले वीसेक वर्णनाशी जुळणारे. बुसरा हे नाव तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. जिला राजदरबारी नाव आहे तिच्या मालकांना ते माहीत नाही, आणि ज्यांना नाव हवं आहे त्यांच्या कोंबडीला ते मिळत नाही! आणि त्या पाड्यावरच्या एका अंगणात उघड्या मानेचा एक कोंबडा मोठ्या ऐटीत फिरत होता. आबांनीच गेल्या वर्षी व्याह्याला भेट दिलेला.

इथं मला स्पष्ट बोलावं लागलं. संकरातून नवी जात उभी करणं यात काही पाप नाही, जगातल्या बहुतेक नामांकित जाती तशाच झाल्या. पण ती उभी करताना शेजारच्या जुन्या बियाण्यात आपला कोंबडा सोडला तर नवीन जात व्हायच्या आधी जुनी जाईल. उघड्या मानेचा गुण तर प्रबळ. एका कोंबड्याने दोन हंगामांत पाडा भरून टाकला असता. आबांनी वाद घातला नाही. व्याह्याला दुसरे दोन कोंबडे देऊन, म्हणजे तिथल्याच दोन पांढऱ्या-काळ्या बुसरा नरांची किंमत मोजून, आपला परत आणला. पाच घरांच्या करारात सहावी ओळ वाढली: पश्चिमेच्या पाड्यांवर नर द्यायचा नाही, कापून खायला दिला तर चालेल.

अर्ज केलेला नाही. बाजारात आबा आता गावाचं नाव सांगून विकतात, 'जात' हा शब्द वापरत नाहीत, आणि गेल्या दिवाळीपासून दोन धाबेवाले गावठीपेक्षा चढ्या भावाने घेऊ लागले आहेत. एक राखाडी जोडी आबांनी मागच्या पडवीत वेगळी ठेवली आहे. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही, असं ते म्हणतात.

परवा लस टोचायला गेलो तेव्हा वहिनींनी वही पुढे केली. चौथ्या घरातल्या उबवणीत 14 पिल्लं, सगळी मान उघडी, पण तिघांच्या गळ्याशी पिसांचा झुबका. साफ मानेच्या आई-बापांत हे व्हायला नको. भरल्या मानेचं एकही नाही, म्हणजे दोघांपैकी एकाच बाजूने बाहेरचं रक्त आलंय. कोंबडी पाच वर्षांची, तिची नोंद पक्की आहे, आणि अंडी बसवली तेव्हा कोंबडा बदलून पंधरा दिवसच झाले होते. तीनही पिलांच्या पुढे वहिनींनी लाल पेनाने लिहिलं होतं, "झुबका. बाप कोण?"